एक वायू, दोन गोळ्या

सॉर्बिट्रेटची इवलीशी गोळी ताम्हिणीच्या वाटेवरच्या वाडीपासून हिंजवडीच्या सोसायट्यांपर्यंत सगळ्या मुळशी तालुक्याला ओळखीची आहे. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची. दुसरी गोळी सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाची. लिंगाला ताठरता यावी म्हणून घेतात आणि तिच्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. शरीरात मात्र या दोघी एकाच रेणूपाशी येऊन मिळतात, आणि तो रेणू चक्क एक वायू आहे, हे मला आजही थक्क करतं.

नायट्रिक ऑक्साइड, गाड्यांच्या धुरात असतो तोच. अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत होते. पट्टीच्या आतला पेशींचा नाजूक थर शाबूत असला, तर ॲसिटिलकोलिनचे थेंब पडताच पट्टी सैल पडे; तोच थर खरवडला गेला की ढिम्म. म्हणजे तो थर स्नायूला काहीतरी निरोप धाडत होता. १९८० साली त्यांनी हे जगापुढे मांडलं आणि पुढे कळलं, की निरोप्या हाच वायू, जेमतेम काही सेकंद टिकणारा. या शोधासाठी १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. त्याच वर्षी २७ मार्चला अमेरिकेत व्हायग्राला परवानगी मिळाली होती. ज्या नायट्रोग्लिसरीनच्या सुरुंगांवर आल्फ्रेड नोबेल श्रीमंत झाले, तेच उतारवयात डॉक्टरांनी त्यांना हृदयासाठी लिहून दिलं होतं!

या वायूच्या निरोपाने स्नायूपेशीत सीजीएमपी नावाचा पदार्थ तयार होतो आणि रक्तवाहिनी सैलावते. काम झालं की पीडीई-५ हे विकर तो पदार्थ मोडून टाकतं. मुळशी धरणाच्या काठच्या माणसाला पुढचं लगेच उमजेल: सॉर्बिट्रेट हे नायट्रोग्लिसरीनसारखंच एक नायट्रेट, ते हा वायू पुरवून आवक वाढवतं; सिल्डेनाफिल पीडीई-५ ला अडवून विसर्ग रोखतं. एकेकटं असताना शरीर ते सांभाळून घेतं. दोन्ही एकदम झालं, तर अंगभरच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी धाडकन कोसळतं आणि खुद्द हृदयालाच रक्त कमी पडतं. माणूस दगावू शकतो. छातीदुखीवरची निकोरँडिल ही गोळीही याच पंगतीतली.

हे नातं योगायोगाचं नाही. इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझरने सिल्डेनाफिल बनवलं ते मुळी छातीतल्या कळेसाठीच. चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला आणि औषधाची दिशा बदलली.

खरी मेख अशी, की दोन्ही गोळ्या अनेकदा एकाच माणसाच्या वाट्याला येतात. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक; त्यामुळे शुगर, बीपी, तंबाखूने होणारी खराबी तिथे कित्येकदा आधी दिसते. ताठरता कमी होणं ही हृदयाची आगाऊ सूचना असू शकते. म्हणूनच या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जायला हवं. मेडिकलमधून परस्पर गोळी आणून भागत नाही.

सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास नायट्रेट चालत नाही. त्याच जातीचं टाडालाफिल रेंगाळतं, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साडेसतरा तास लागतात, म्हणून तिथे ४८ तास. रात्री गोळी घेतली आणि सकाळी छातीत दुखलं, तर शेजाऱ्याने मायेपोटी पुढे केलेली सॉर्बिट्रेट घेऊ नये. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना कोणती गोळी, किती वाजता घेतली, हे लाज न बाळगता सांगावं. उपचाराचे इतर मार्ग त्यांच्याकडे असतात.

सिल्डेनाफिलची इतर औषधांशी दुसरी गाठ यकृतात आणि आतड्यात पडते. सीवायपी३ए४ नावाचं विकर तिथे सिल्डेनाफिलचा निचरा करतं. मुळशीच्या पावसाळ्यात कपडे धड वाळत नाहीत, जांघेत नायटा उठतो आणि त्यावर इट्राकोनॅझोल दिलं जातं. ते नेमकं याच विकराला अडवतं. मग नेहमीचीच गोळी रक्तात कितीतरी पटीने चढते. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचंही तसंच. टीबीवरचं रिफाम्पिसिन उलट या विकराचं बळ वाढवतं आणि गोळीचा प्रभाव पुसून टाकतं. ग्रेपफ्रूटचा रससुद्धा आतड्यातलं हे विकर निकामी करतो. कॅनडातल्या संशोधकांनी मद्याची चव झाकायला तो रस वापरला आणि बीपीची गोळी रक्तात भलतीच वाढलेली दिसली, तेव्हा १९८९ च्या सुमारास हे उघड झालं.

सिल्डेनाफिलसोबत प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल, तर अंथरुणातून झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. तिथे डॉक्टर कमी मात्रेपासून सुरुवात करतात. बीपीवरच्या ॲम्लोडिपिनसोबत बीपी आणखी थोडं उतरतं, पण ही जोडी बहुतेकांना पेलते.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती मर्दानी ताकदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांची. जडीबुटी म्हणून खपवलेल्या अशा मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं असल्याचं देशोदेशींच्या तपासण्यांत वारंवार आढळलंय. वेष्टनावर त्याचा उल्लेख नसतो. त्यामुळे तो माणूस १०८ मधल्या डॉक्टरांना अगदी प्रामाणिकपणे सांगतो, की मी तसली कुठलीच गोळी घेतलेली नाही.