तीन नद्या, एक दर्या

यंदाच्या मासेमारीबद्दल लिहायचे, तर आधी आमच्या पाण्याबद्दल सांगायला हवे. गुंजी हे गाव ज्या खानापूर तालुक्यात आहे, तिथला पाऊस तीन वाटांनी जातो. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेकडे वळून कृष्णेला मिळते. म्हादई भीमगडच्या रानातून गोव्यात उतरते आणि मांडवी होते. लोंढ्याकडची पांढरी नदी काळी नदीतून कारवारच्या समुद्राला जाते. त्यामुळे आमच्या मित्रमंडळींना नदीही जवळची आणि दर्याही.

हिमाचलला जाऊन आलेले मित्र ट्राउटच्या गोष्टी सांगतात. तो मासा थंड पाण्याचा. पाण्याचे तापमान वीस अंशांच्या वर गेले की त्याला सोसत नाही. आपल्याकडे त्याच्या तोडीचा झुंजार मासा म्हणजे महाशीर. निसर्गअभ्यासक साइक्सने 1839 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आता त्याची पिल्ले लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात वाढवून सोडावी लागतात. महाडजवळ वाळणकोंडीला मात्र वरदायिनी देवीचे मासे म्हणून गावानेच ते राखले आहेत. सरकारी पाटीपेक्षा मला हा गावचा धाक अधिक खात्रीचा वाटतो.

मलप्रभेवर आम्ही बसतो ते पाणी निवळल्यावर. गांडूळ लावले की शिंगाळा येतो, कधी वाम. खरी ओढ मरळीची. तिच्या पिल्लांचा तांबूस घोळका पाण्यावर दिसला की खाली राखणीला आईबाप असतात. तिथे गळ टाकला की ते चवताळून झडप घालतात आणि हमखास लागतात. पण आईबाप गेले की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. आमच्या टोळीत हा प्रकार चालत नाही.

दर्यावरची मजा वेगळी. गोव्यातल्या बेतूलला साळ नदीच्या मुखाशी भरती लागताना जिवंत झिंगा सोडायचा आणि दोरा बोटावर धरून बसायचे. खडकाच्या कपारीत तांबोसा, वाहत्या पाण्यात चोणक. चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी सगळे ज्याच्यामागे धावतात तो मोठा मासा बहुधा अंड्यांची मादीच. तो परत सोडायला मन घट्ट करावे लागते, पण सोडावा.

समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. नदीला तेवढीही उसंत नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला ओढ्यांत, शेतांत चढतात आणि नेमकी तेव्हाच गावे टोपल्या घेऊन उतरतात. जुन्या पिढीला ते परवडले, कारण तेव्हा मासा उदंड होता. माझ्या खानापूरकर मित्रांना एवढेच सांगणे: पुढच्या मृगात गळ, जाळी खुंटीला टांगा आणि गणपती झाल्यावर नदीवर या.