पवनेच्या कांठीं दोन दिवस

हवा पालटावयास जावयाचें म्हटलें कीं आमच्या चिंचवडच्या घरीं महाबळेश्वर किंवा माथेरान हींच नांवें निघतात. गेल्या हिवाळ्यांत मात्र आम्ही जवळच्याच पवनमावळांत गेलों आणि पवना धरणाच्या तळ्याकांठच्या एका लहानशा हॉटेलांत दोन दिवस राहिलों. बरोबर सासूबाई, धाकट्या जाऊबाई आणि घरचीं चार मुलें होतीं.

हॉटेल कसलें, कौलारू घरच तें! ओसरीवर बसलें कीं समोर पाणी आणि भोंवतीं डोंगर. सासूबाईंनीं ओसरी सोडली नाहीं. आम्ही मुलांसह तिकोना चढलों. शेवटच्या उभ्या पायऱ्यांवर जाऊबाईंचा धीर सुटत होता, पण माथ्यावर पोंचल्यावर सारें तळें, पलीकडचा तुंग आणि लोहगड पाहून त्या श्रम विसरल्या. युनेस्कोनें २०२५ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांत हा लोहगड आहे.

"हें पाणी कोठें जातें?" धाकट्यानें विचारलें. आपल्याच नळाला, असें सांगितलें तर त्याला खरें वाटेना! १९७२ मध्यें पुरें झालेल्या या धरणाचें पाणी नदींतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतें. तेथून उचलून निगडीस शुद्ध होतें व मग घरोघर जातें. हें ऐकल्यावर मुलांनीं बिस्किटांचे कागद मुकाट्यानें पिशवींत भरले.

रात्रीं पिठलें-भाकरी वाढतांना आचाऱ्यास सासूबाईंनीं सहज विचारलें, "तुमचें गांव कोणतें हो?" त्यानें तळ्याकडे बोट केलें. "माझ्या आज्याचं शेत त्या पाण्याखाली हाय, आजी." धरणांत जमिनी गेलेल्या कित्येकांनीं बदली जमिनीसाठीं पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली. पुढें धरणांतून थेट शहरास बंद नळानें पाणी नेण्याचें ठरलें, तेव्हां नदी कोरडी पडेल या भीतीनें शेतकरी रस्त्यावर आले. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें झालेल्या पोलीस गोळीबारांत त्यांपैकीं तिघे मेले आणि तें काम कैक वर्षें थांबलें. त्या दिवसांत आम्ही वर्तमानपत्रांत हें वाचलें होतें. परंतु सकाळीं पाणी कमी दाबानें आलें, तर कुरकुर आमचीच!

मुलांना पोहावयाचें होतें. आम्हीं साफ नाहीं म्हटलें. कांठ सपाट दिसतो, पण तळ एकाएकीं खोल जातो व चिखलांत पाय रुततो; चांगले पोहणारेही येथें बुडाले आहेत. होडींतसुद्धां जीवरक्षक जाकीट अंगावर असल्यावांचून कोणास बसूं देऊं नये.

जाण्यास कामशेतवरून पवनानगरचा रस्ता सोयीचा. पांघरुणें मात्र घरून अधिक न्यावीं. पहाटेच्या गारठ्यांत आम्हांस तीं मागून घ्यावीं लागलीं.