धरमकाट्यामागचा बोर्ड

हिंगणघाटकडे कापसाची गाडी काट्यावर चढली की सगळ्यांच्या नजरा लाल आकड्यांवर खिळतात. शेतकरी, ड्रायव्हर, हमाल, अडत्याचा माणूस, सगळे तिकडेच बघतात. आकडा थोडा हलतो, थांबतो आणि खिडकीच्या आत प्रिंटर करकरू लागतो. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो कापूस. पेरणीपासून वेचणीपर्यंतचा सगळा हिशेब त्या चिटोऱ्यावर उतरतो. संपादकांनी मला पाठवलं होतं हंगामावर आणि भावावर लिहायला. ते लिहून दिलं. पण एका जिनिंगच्या काटाघरात टेबलाखालचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि त्यामुळे बाहेर गाड्यांची रांग लागली होती. ती रांग पाहिल्यावर मला भावापेक्षा त्या पेटीतच जास्त रस वाटू लागला.

या भागाला कापूस नवा नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका प्रतीचं नाव होतं. १८६२ साली वर्धा जिल्हा वेगळा झाला, १८६६मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसलं आणि पाठोपाठ रेल्वे आली. हा इतिहास गॅझेटियरमध्ये मिळतो. टेबलाखालच्या पेटीचा इतिहास मात्र कोणीच लिहून ठेवलेला नाही.

पेटीत इंटेलच्या ४३०व्हीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड होता आणि त्यावर पेंटियम एमएमएक्स २३३ हा प्रोसेसर. चिपसेट १९९६ सालचा, प्रोसेसर १९९७चा. रॅम ३२ एमबी. विंडोज नाहीच, नुसतं डॉस. काट्याच्या खाली बसवलेले लोडसेल गाडीच्या भाराने किंचित दबतात, त्यातून निघणारा बारीकसा विद्युत संकेत इंडिकेटर मोजतो आणि सीरियल केबलमधून आकडा कॉम्प्युटरला पाठवतो. कॉम्प्युटरला एवढंच करायचं असतं: आकडा घ्यायचा, गाडी नंबर आणि तारीख जोडायची, पावती छापायची. पंचवीस वर्षांहून जास्त काळ तो हे काम करत आला होता.

दुरुस्तीला वर्ध्याहून जे गृहस्थ आले, त्यांना सगळे नुसतं ‘भाऊ’ म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे. त्यांनी झाकण उघडलं, ब्रशने सरकीचा आणि रुईचा थर झाडला, पंख्याला बोट लावून पाहिलं आणि बोर्ड गेल्याचं सांगितलं. मग म्हणाले, “दुकानात असाच दुसरा आहे. पण तो बसवाले वेळ लागन.” मी त्यांच्याबरोबर वर्ध्याला गेलो, कारण तो वेळ नेमका कशाला लागतो हे मला पाहायचं होतं.

आजचा बोर्ड प्रोसेसरला स्वतःच ओळखतो आणि त्याला हवं ते व्होल्टेज स्वतःच देतो. त्या काळचा बोर्ड असं काही करत नसे. त्याला माणसाने सांगावं लागे आणि ते सांगण्याचं साधन म्हणजे जंपर: पितळी काड्यांच्या जोडीवर चढवायची, नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी. टोपी कुठल्या काड्यांवर बसली आहे त्यावरून बसचा वेग, गुणक आणि व्होल्टेज ठरतं. त्यातलं व्होल्टेज सगळ्यांत नाजूक. जुन्या साध्या पेंटियमला सर्वत्र साधारण ३.३ व्होल्ट चालत. एमएमएक्सच्या गाभ्याला २.८ लागतात, बाहेरच्या जोडण्यांना ३.३. एएमडीच्या के६-२ला गाभ्यात २.२ पुरतात. सगळे त्याच सॉकेट ७ मध्ये बसतात. सॉकेट कोणालाच अडवत नाही, म्हणून अडवायचं काम माणसाचं.

दुकानातला पोरगा आधी रॅम लावू लागला तेव्हा भाऊंनी त्याला थांबवलं. “घाई कायले करतं बे? व्होल्टेज पयले पाहा.” त्यांनी प्रोसेसर न बसवताच बोर्डला वीज दिली, मल्टिमीटर रेग्युलेटरच्या पायाशी धरला आणि आकडा वाचला: २.८१. मगच सॉकेटची दांडी उचलली, कोपऱ्यातला ठिपका जुळवून प्रोसेसर ठेवला आणि दांडी दाबली.

वीज देण्याचीही एक रीत आहे. हा एटी जातीचा बोर्ड. त्याला पॉवर सप्लायमधून दोन वेगळे कनेक्टर येतात, पी८ आणि पी९. दोन्ही एकसारखे दिसतात आणि थोडा जोर लावला तर उलटेही बसतात. उलटे बसले की बोर्ड जळतो. भाऊंचा नियम एकच, काळी तार काळीला लागून मध्ये आली पाहिजे. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्सचा आराखडा आणला, त्यात एकच कनेक्टर आला आणि हा घोळ संपला. दुसरा धोका पुढच्या बटणाचा. एटी कॅबिनेटच्या बटणापर्यंत घरातली २३० व्होल्टची वीज थेट येते. ते बटण उघडं ठेवून काम करणाऱ्या पोरांना भाऊ फार रागावतात, आणि मला ते रागावणं योग्य वाटलं.

मग गुणकाचा जंपर. बस ६६ मेगाहर्ट्झ, प्रोसेसर २३३चा, म्हणजे साडेतीनपट हवं. बोर्डवर छापलेल्या तक्त्यात मात्र साडेतीन नाहीच. दीड, दोन, अडीच, तीन, एवढेच पर्याय. भाऊंनी टोपी दीडवर बसवली. मी विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. “बोर्ड दीड म्हणते, अन् चिप त्याले साडेतीन समजते.” खरंच तसं आहे. बोर्ड बनला तेव्हा २३३चा प्रोसेसर नव्हता. पुढे इंटेलने तो काढला तेव्हा दीडपटीची खूण रिकामीच होती, कारण इतक्या हळू कोणी एमएमएक्स चालवणार नव्हतं. तीच खूण त्यांनी साडेतीनसाठी वापरली. जुना बोर्ड फेकून न देता नवा प्रोसेसर त्यावर बसावा, इतका विचार त्या काळी होत असे. या एका टोपीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. के६-२च्या बाबतीतही असंच, तिथे दोनची खूण सहा समजली जाते.

रॅमच्या ७२ पिनी पट्ट्या जोडीनेच लावायच्या, कारण पट्टी ३२ बिटांची आणि पेंटियमचा मार्ग ६४ बिटांचा. एक लावली तर काहीच दिसत नाही. भाऊंनी जोडी बसवली, डिस्प्ले कार्ड लावलं आणि बटण दाबलं. स्पीकरमधून एक आखूड शिटी आली. एक लांब आणि दोन आखूड आल्या असत्या तर डिस्प्ले कार्डाचा दोष.

पण पडद्यावर तारीख भलतीच होती. बोर्डवर डलास कंपनीची डीएस१२८८७ ही काळी चौकोनी वडी होती. घड्याळ, सेटिंगची स्मृती आणि बॅटरी, तिन्ही एकाच ठोकळ्यात बंद. बॅटरीचं आयुष्य दहा वर्षांचं, ती कधीच संपलेली. ती संपली की रोज सकाळी बोर्ड सगळं विसरतो. पावतीवर चुकीची तारीख गेली तर भावाचा दिवसच बदलतो. असा ठोकळा नवा घ्यायचा तर तोही वर्षानुवर्षं कपाटात पडलेला मिळतो. भाऊंनी तो बोर्डवरून काढला आणि पायांकडे बोट दाखवलं. २४ पायांच्या जागांपैकी काही रिकाम्या. जिथे १६ आणि २० नंबरचे पाय खाली यायला हवेत, तिथे ते वर वळून आतल्या बॅटरीला भिडलेले असतात. भाऊंनी त्या बाजूने बारीक कानसीने ठोकळा घासायला सुरुवात केली. काळा भुगा पडत गेला, मग एक चकाकता ठिपका दिसला, जरा पुढे दुसरा. त्यांनी आतल्या बॅटरीकडे जाणारी जोडणी तोडली, २०ला धन आणि १६ला ऋण तार डाख देऊन जोडली आणि त्या तारा सीआर२०३२ या साध्या बटण सेलच्या खोबणीला जोडल्या. हा सेल वर्ध्यात कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. पुढच्या वेळी तो बदलायला कोणाला वर्ध्याहून यावं लागणार नाही.

वर्ध्यात असं काही पाहिलं की १९२९ची चरख्याची स्पर्धा आठवल्याशिवाय राहत नाही. अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. किंमत १५० रुपयांच्या आत, नीट देखभाल केली तर यंत्र वीस वर्षं चालावं आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, अशा अटी होत्या. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण दुरुस्तीचा खर्च ही यंत्राच्या गुणवत्तेची अट म्हणून कागदावर मांडणारी माणसं होती, हे मला मोठं वाटतं.

आता बायोसमधली, म्हणजे बोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमची, सेटिंगं. सीरियल पोर्ट एक: पत्ता ३एफ८, आयआरक्यू ४. ‘हॉल्ट ऑन’मध्ये कीबोर्ड वगळायचा, कारण काटाघरातला कीबोर्ड धुळीने कधीही दगा देतो. हार्ड डिस्कऐवजी भाऊंनी ४ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीईच्या अडॅप्टरवर लावलं. डॉससाठी त्यावर २ जीबीचाच भाग केला, तेवढीच त्याची मर्यादा. फिरणारं काही नाही, म्हणून धुळीची आणि हादऱ्याची भीती कमी.

हे सगळं जमतं, तर नवा कॉम्प्युटर का नाही? हाच प्रश्न पोराने विचारला, “भाऊ, नवीनच काऊन नाही देत आपण?” उत्तर प्रोग्रॅममध्ये आहे. काट्याचा प्रोग्रॅम टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला. सुरू होताना तो घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामी फेरी किती वेळा मारता येते ते मोजतो आणि त्या संख्येला ५५ने भागतो. उत्तर ६५,५३५च्या आत मावलं पाहिजे. पेंटियम २ आणि पुढचे प्रोसेसर इतके वेगवान की उत्तर मावत नाही. पडद्यावर ‘रनटाइम एरर २००’ येतो आणि प्रोग्रॅम बंद पडतो. भाऊंनी एकदा पेंटियम ३चा बोर्ड लावून बायोसमधून कॅशे बंद करून पाहिला. प्रोग्रॅम सुरू झाला, पण एवढा मंदावला की एका पावतीला लागणाऱ्या वेळाने गाडीवाले चिडले. प्रोग्रॅममधला तो भाग बदलणारे पॅच आहेत, पण इथे फाइल कुलूपबंद आहे. ते कुलूप म्हणजे प्रिंटरच्या पोर्टवर लावलेला डोंगल. तो नसेल तर प्रोग्रॅम उघडत नाही आणि फाइलला हात लावला तर डोंगल तिला ओळखत नाही. नव्या बोर्डवर सहसा तो प्रिंटर पोर्टच नसतो. यूएसबीचा अडॅप्टर प्रिंटर चालवतो, पण डॉसमधला प्रोग्रॅम ज्या पत्त्यावर डोंगल शोधतो, तिथे तो सापडत नाही.

इथे मला काळजी वाटू लागली. बोर्ड जगवण्याची विद्या भाऊंकडे आहे. १९९९च्या २६ एप्रिलला सीआयएच व्हायरसने जगभर बायोस पुसले, तेव्हा ते नागपूरला सीताबर्डीत शिकाऊ होते. चालत्या बोर्डवरची चिप काढून त्याच जागी मेलेली चिप बसवायची आणि तिच्यात बायोस भरायचा, हे ते तेव्हा शिकले. पण विद्येला सुटे भाग लागतात. जुने बोर्ड भंगारात जातात, तिथे पिनांवरच्या सोन्यासाठी प्रोसेसर उपटले जातात आणि बाकीचा बोर्ड तोडला जातो. २००० सालच्या आसपासचे बोर्ड तर आणखी वाईट. त्या काळात खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बाजारात आले होते, ते फुगतात आणि फुटतात. त्याआधीचे बोर्ड उलट तगून आहेत. पण ३८६-४८६च्या काळातल्या बोर्डांवरच्या पिंपासारख्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या गळून तांब्याच्या रेषा खातात. भाऊ तो हिरवा थर व्हिनेगरने धुतात आणि तुटलेली रेष केसाएवढ्या तारेने जोडतात. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कपॅसिटरला तर दर दहा अंशांमागे निम्मं आयुष्य गमवावं लागतं. हंगाम संपला की पत्र्याच्या काटाघरातून कॉम्प्युटर उचलून आत ठेवा, असं ते प्रत्येकाला सांगतात. फार थोडे ऐकतात.

त्याहून मोठी अडचण कागदाची. जंपरचा तक्ता बोर्डवर छापलेला नसेल आणि पुस्तिका हरवली असेल, तर टोपी कुठे बसवायची हे कोणालाच ठाऊक नसतं. भाऊंच्या कपाटात अशा पुस्तिकांचा गठ्ठा आहे आणि तो मला त्या दुकानातली सगळ्यांत मोलाची वस्तू वाटला. केंद्र सरकारने २०२२च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात कंपन्यांनी पुस्तिका आणि सुट्या भागांची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. पण ज्यांनी हे बोर्ड बनवले त्यांतले कितीतरी उद्योग आता राहिलेलेच नाहीत. काट्याचा प्रोग्रॅम लिहिणाराही जिनिंगच्या दिवाणजींना कित्येक वर्षं सापडलेला नाही.

बोर्ड काट्यावर बसला. इंडिकेटरवरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळला, पावती निघाली, तारीख बरोबर आली. भाऊंनी जंपरच्या जागा आणि बायोसची सेटिंगं एका कागदावर लिहून तो झाकणाच्या आतून चिकटवला. दिवाणजींनी डोंगलबद्दल विचारलं तेव्हा ते स्पष्टच बोलले, “बोर्ड मी जित्ता करून देईन जी. पण हे कुलूप गेलं तर माह्याजवळ इलाज नाही.”

दिवाणजींनी ते मनावर घेतलं आहे. पुढच्या हंगामाआधी विंडोजवर चालणारं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आहे आणि विक्रेत्याला पहिली अट घातली आहे की नोंदी साध्या, कोणालाही उघडता येतील अशा फायलींत ठेवायच्या आणि डोंगल चालणार नाही. जुन्या नोंदींचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्या फायलींची मांडणी लिहिणाऱ्यालाच माहीत होती, त्यामुळे प्रोग्रॅममधून त्या बाहेर काढायची वाट एकच, डॉट मॅट्रिक्सवर छापणं. हंगाम उतरला की वर्षामागून वर्ष छापायचं ठरलं आहे आणि त्यासाठी भाऊंनी रिबनचा खोका मागवला आहे.