बक्षीस कोण देतं? कान चित्रपट महोत्सवाची गोष्ट



दरवर्षी मे महिना आला की वर्तमानपत्रांत लाल गालिच्यावरचे फोटो झळकू लागतात. कोणत्या अभिनेत्रीनं कोणता गाऊन घातला होता यावर चार दिवस चर्चा चालते. मग आतल्या पानावर एक छोटी बातमी येते, अमुक चित्रपटाला 'पाम दोर' मिळाला. चौकस मुलं विचारतात, "हे बक्षीस देतं कोण? आणि त्यांनी ठरवलं म्हणजे तो चित्रपट चांगला, असं का मानायचं?"

प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर शोधायला गेलं की इतिहास येतो, नागरिकशास्त्र येतं आणि शेवटी आपल्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचा निकालही येतो. म्हणून आजचा हा पाठ.

आधी नावाचं बघू. कान हे फ्रान्सच्या दक्षिणेला भूमध्य समुद्राच्या काठी वसलेलं शहर. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एस असल्यामुळे आपल्याकडे सर्रास 'कान्स' म्हणतात. फ्रेंच भाषेत तो एस उच्चारत नाहीत, म्हणून 'कान'.

सुरुवात एका अन्यायातून

चित्रपट महोत्सवांची परंपरा सुरू झाली ती इटलीतल्या व्हेनिस शहरात, १९३२ साली. त्या पहिल्या वर्षी परीक्षक मंडळच नव्हतं. प्रेक्षकांनी मतं दिली, त्यावरून आवडते चित्रपट ठरले. पुढे १९३६ पासून तिथं आंतरराष्ट्रीय ज्युरी आली. आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट म्हणजे १९३७ साली पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' याच महोत्सवात दाखवला गेला आणि गौरवला गेला. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत असलेला हा चित्रपट.

पण तेव्हा इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही होती. मुख्य बक्षिसाचं नावच 'मुसोलिनी चषक' होतं. १९३८ साली हा चषक दोन चित्रपटांना मिळाला. एक होता 'ऑलिंपिया', म्हणजे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवरचा लेनी रीफेन्श्टाल यांचा जर्मन माहितीपट. दुसरा इटलीचा 'लुचानो सेर्रा, वैमानिक'. या दुसऱ्या चित्रपटाच्या निर्मितीवर देखरेख कोणाची होती? खुद्द मुसोलिनीचा मुलगा व्हित्तोरिओ याची! ज्युरीतल्या इतर देशांच्या सदस्यांचा कल वेगळा होता, पण राजकीय दबावापुढे त्यांचं काही चाललं नाही. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेचे प्रतिनिधी चिडून बाहेर पडले.

'ऑलिंपिया' वाईट बनवलेला नव्हता, हे इथं मुलांना आवर्जून सांगायला हवं. छायाचित्रण आणि संकलन या दृष्टीनं आजही त्याचा अभ्यास होतो. प्रश्न चित्रपट कसा होता हा नव्हताच. निकाल कोणाच्या धाकाखाली लागला, हा होता.

एका शिक्षणमंत्र्यानं घेतलेला पुढाकार

त्या ज्युरीत फिलिप एर्लांजे नावाचे फ्रेंच सदस्य होते. परतीच्या रेल्वे प्रवासात त्यांच्या मनात विचार आला, की जिथं कोणत्याही सरकारचा दबाव नसेल असा महोत्सव आपण का भरवू नये? ही कल्पना उचलून धरली ज्याँ झे यांनी. ते फ्रान्सचे शिक्षण आणि ललित कला खात्याचे मंत्री होते. मुक्त महोत्सवाच्या मागे एक शिक्षणमंत्री उभा राहिला, ही गोष्ट आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कान शहर निवडलं गेलं. चलच्चित्राच्या जनकांपैकी एक असलेले लुई ल्युमिएर मानद अध्यक्ष व्हायला तयार झाले. उद्घाटनाची तारीख ठरली १ सप्टेंबर १९३९. नेमक्या त्याच दिवशी हिटलरच्या सैन्यानं पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. महोत्सव रद्द झाला.

ज्याँ झे यांना तो कधीच पाहता आला नाही. नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच राजवटीनं त्यांना तुरुंगात टाकलं आणि जून १९४४ मध्ये तिच्या सशस्त्र दलातल्या माणसांनी त्यांची हत्या केली.

पहिला महोत्सव आणि अकरा पहिली बक्षिसं

युद्ध संपल्यावर, सप्टेंबर १९४६ मध्ये कानचा पहिला महोत्सव खऱ्या अर्थानं भरला. तेव्हा सर्वोच्च पुरस्काराचं नाव होतं 'ग्रां प्री', म्हणजे महापुरस्कार. तो किती चित्रपटांना मिळाला असेल? तब्बल ११! त्यांत चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' होता. एक धनवान माणूस सांडपाण्याचा नाला गरिबांच्या वस्तीतून वळवतो आणि वस्तीतले लोक त्याविरुद्ध उभे राहतात, अशी त्याची कथा. पटकथेत ख्वाजा अहमद अब्बास होते, संगीत पंडित रविशंकर यांचं होतं. त्याच यादीत इटलीचा 'रोम, ओपन सिटी' आणि ब्रिटनचा 'ब्रीफ एन्काउंटर' असे आज अभिजात मानले जाणारे चित्रपटही होते.

एवढी बक्षिसं का दिली असतील? युद्धानं पोळलेली राष्ट्रं पहिल्यांदाच एकत्र येत होती. ज्युरीत प्रत्येक देशाचा प्रतिनिधी होता. कोणालाच नाराज करायचं नव्हतं. भावना समजण्यासारखी आहे, पण अकरा जण पहिले आले तर त्यातला सरस कोण, हे प्रेक्षकाला कळत नाही. व्हेनिसला निर्णय धाकानं अडला होता, इथं भिडेपोटी अडला. आपल्या स्नेहसंमेलनात 'कुणाला वाईट नको वाटायला' म्हणून दिलेली चौदा उत्तेजनार्थ बक्षिसं आठवली ना?

निवडणारे वेगळे, निकाल देणारे वेगळे

कानमध्ये पुढे हळूहळू सुधारणा होत गेल्या. सुरुवातीला कोणता चित्रपट पाठवायचा हे त्या त्या देशाचं सरकार किंवा संस्था ठरवत असे. म्हणजे सरकारला न आवडणारा चित्रपट तिथवर पोचणंच कठीण. १९७२ पासून महोत्सव स्वतः चित्रपट निवडू लागला.

आज कामाचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात निवड समिती आलेले असंख्य चित्रपट पाहून मुख्य स्पर्धेसाठी साधारण वीसच्या आसपास चित्रपट ठरवते. दुसऱ्या टप्प्यात ज्युरी फक्त तेवढेच पाहते आणि निकाल देते. ज्युरीत अध्यक्ष धरून बहुधा नऊ जण असतात. वेगवेगळ्या देशांतले दिग्दर्शक, नट, लेखक असे. स्पर्धेतल्या चित्रपटाच्या निर्मितीशी किंवा वितरणाशी संबंध असलेल्या माणसाला ज्युरीत बसता येत नाही. अंतिम चर्चा बंद दाराआड होते आणि तिथं काय बोलणं झालं ते गुप्त ठेवलं जातं.

पाहिलंच नाही, तर निकाल कसा देणार?

ज्युरी स्वतंत्र असली की काम झालं, असंही नाही. १९५६ साली सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' कानच्या स्पर्धेत होता. त्याचा खेळ रात्री उशिरा लागला आणि ज्युरीतले काही सदस्य फिरकलेच नाहीत. ज्या समीक्षकांनी तो पाहिला ते अस्वस्थ झाले. त्यांनी आवाज उठवला, चित्रपट पुन्हा दाखवण्यात आला आणि त्याला 'सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज' हा पुरस्कार मिळाला. पाहणाऱ्या चार जणांनी तोंड उघडलं नसतं तर? शेवटच्या क्रमांकावर आलेल्या मुलाचं भाषण ऐकताना परीक्षकांचं लक्ष जेवणाच्या डब्याकडे असतं, तेव्हा हा प्रसंग जरूर आठवावा.

बक्षिसांची उतरंड

सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत इथं हमखास गोंधळ होतो. नीट समजून घेऊ.

पाम दोर, म्हणजे सोन्याचं ताडपान, हा आजचा सर्वोच्च पुरस्कार. तो १९५५ मध्ये सुरू झाला. मध्ये १९६४ ते १९७४ या काळात पुन्हा जुनं ग्रां प्री हेच नाव होतं, १९७५ पासून पाम दोर परत आला. आज ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार आहे. त्यानंतर ज्युरी पुरस्कार, शिवाय दिग्दर्शन, पटकथा, अभिनेता आणि अभिनेत्री यांचे वेगळे पुरस्कार.

म्हणजे 'नीचा नगर'ला मिळालेला ग्रां प्री सर्वोच्च होता, पण विभागून. आणि २०२४ साली पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला मिळालेला ग्रां प्री दुसऱ्या क्रमांकाचा, पण एकट्याचा. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तब्बल ३० वर्षांनी पोचला होता. पायल कपाडिया पुण्याच्या एफटीआयआयच्या विद्यार्थिनी. मुंबईतल्या दोन मल्याळी परिचारिका आणि रुग्णालयात स्वयंपाक करणारी, बिल्डरमुळे घर सोडावं लागणारी पार्वती यांची ही गोष्ट मुंबईहून कोकणात जाते. पार्वतीची भूमिका आपल्या छाया कदम यांनी केली आहे.

गंमत म्हणजे त्याच वर्षी भारतातल्या समितीनं ऑस्करसाठी हा चित्रपट न पाठवता 'लापता लेडीज' पाठवला. यात एक समिती खरी आणि दुसरी खोटी असं मानायचं कारण नाही. माणसं बदलली की निर्णय बदलतो, एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ.

'कानमध्ये दाखवला' म्हणजे काय?

पालकांनी बातम्या वाचताना एक फरक ध्यानात ठेवावा. कानमध्ये मुख्य स्पर्धा असते, 'अं सर्तँ रगार' हा दुसरा अधिकृत विभाग असतो, स्पर्धेबाहेरचे खेळ असतात आणि त्याच दिवसांत चित्रपटांचा मोठा बाजारही भरतो. बाजारात निर्माते आपला चित्रपट परदेशी खरेदीदारांना दाखवतात. महाराष्ट्र शासनही काही वर्षांपासून निवडक मराठी चित्रपट तिथं पाठवतं. हे चांगलंच आहे, पण बाजारात खेळ होणं आणि स्पर्धेत निवड होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल गालिच्यावर चालणं ही तिसरीच. बातमी वाचताना विचारा, कोणत्या विभागात? मुलांना हीच सवय लागली तर जाहिरात आणि माहिती यांतला फरक त्यांना आपोआप कळू लागेल.

वर्गात काय करता येईल?

दहा मिनिटांच्या आतले पाच लघुपट निवडा. सात मुलांची ज्युरी नेमा. सगळ्यांनी सगळे लघुपट पूर्ण पाहायचे, हा पहिला नियम. मग ज्युरीला वेगळ्या खोलीत बसवा आणि तुम्ही स्वतः बाहेर थांबा. बाकीच्या वर्गाकडून चिठ्ठ्यांवर मतं घ्या, १९३२ च्या व्हेनिससारखी. शेवटी दोन्ही निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. ज्युरीनं आपल्या निकालामागचं कारण तीन वाक्यांत सांगायचं. निकाल वेगळे आले तर उत्तमच, खरी चर्चा तिथून सुरू होईल.

आणि हे झाल्यावर शाळेच्या पुढच्या स्पर्धेआधी शिक्षकांच्या बैठकीत चार मुद्दे मांडा. ज्याचं मूल किंवा ज्याची शिकवणीची मुलं स्पर्धेत आहेत त्यानं परीक्षक होऊ नये. निकष आधीच सांगावेत. प्रत्येक परीक्षकानं प्रत्येक सादरीकरण ऐकावं. आणि निकालाचा कागद कोणा पाहुण्याच्या किंवा पदाधिकाऱ्याच्या हातून फिरून येऊ नये.

बक्षीस न मिळालेलं मूल दोन दिवसांत सावरतं. निकाल आधीच ठरलेला होता असं एकदा वाटलं, की ते पुढच्या वेळी नावच देत नाही. तुमच्या शाळेत परीक्षक कसे नेमतात, हे यंदा एकदा तपासून बघा.