सेवक घरीं परतल्यावर

परदेशीं जाऊन अपंगांसाठीं चाकांच्या खुर्च्या जोडून देणाऱ्या ख्रिस्ती सेवकांविषयीं आमच्या विद्यार्थ्यांनीं पुष्कळ ऐकलें असेल. दहापांच जणांची एक तुकडी निघते, आठपंधरा दिवस दूरच्या एखाद्या गांवीं राहते, खुर्च्या जोडते, ज्याला त्याला त्यांत बसवून पाहते आणि सर्वांचा निरोप घेऊन घरीं परतते. निरोपाबरोबर कार्यहि संपलें, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. वस्तुतः खुर्चीचें आयुष्य त्याच दिवशीं सुरू होतें. म्हणून सेवक परतल्यावर पुढें काय होतें, ह्याचाच विचार आम्ही येथें थोडक्यांत करणार आहों.

प्रथम ह्या कार्याचा आरंभ पाहूं. १९९४ सालीं झाईर (आतांचें काँगो लोकशाही प्रजासत्ताक) ह्या देशांत काम करणारे मिशनरी लॅरी हिल्स ह्यांनीं, पोलिओ वगैरे कारणांनीं पांगळ्या झालेल्या लोकांसाठीं कांहीं टिकाऊ वाहन हवें, अशी मागणी अमेरिकेंतील मिसूरी राज्याचे पाळक मेल वेस्ट ह्यांच्याकडे केली. तींतून हातांनीं फिरवून चालविण्याची लांकडी तीनचाकी गाडी निर्माण झाली. दुसरें उदाहरण अभियंते डॉन शोएनडॉर्फर ह्यांचें. १९७९ सालीं मोरोक्को देशांत एक स्त्री जमिनीवरून सरपटत रस्ता ओलांडतांना त्यांनीं पाहिली, आणि तें दृश्य त्यांच्या मनांतून कधींच गेलें नाहीं. सुमारें वीस वर्षांनंतर त्यांनीं अंगणांत ठेवावयाची साधी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन तिला सायकलचीं चाकें लाविलीं, व २००१ सालीं अशा पहिल्या खुर्च्या आपल्या भारतांतच आणून दिल्या. पुढें त्यांच्या संस्थेनें निरनिराळ्या देशांत मिळून दहा लाखांहून अधिक खुर्च्या पोंचविल्या.

परंतु संख्येवरून कार्याची खरी किंमत कळत नाहीं. वहाण जशी मापाची लागते, तशी, किंबहुना तीहून अधिक काटेकोरपणें, खुर्ची मापाची लागते. ज्याच्या पाठीच्या कण्यास इजा झाली आहे, त्याच्या कमरेखालील भागास बहुधा संवेदना नसते. आपण बाकावर बसलों असतां घटकाभरांत नकळत अंग हलवितों. त्याला दुखतच नाहीं, म्हणून तो हलवीत नाहीं. मग बैठकीच्या हाडांवर भार पडून तेथील रक्तप्रवाह खुंटतो, कातडी मरते आणि जखम कधीं कधीं हाडापर्यंत जाते. ती दूषित झाल्यास प्राणावरहि बेततें. अशा मनुष्यास विनामापाची व विनागादीची खुर्ची देणें म्हणजे दानाच्या नांवानें दुखणें देणेंच होय. ह्याकरितां जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत आठ पायऱ्या घालून दिल्या आहेत: गरजूची नोंद, तपासणी, योग्य खुर्चीची निवड, पैशाची तरतूद व मागणी, खुर्चीची तयारी, बसवून माप जुळविणें, वापराचें शिक्षण, आणि शेवटीं दुरुस्ती व पुन्हा भेट. पाहुण्यांच्या आठपंधरा दिवसांत पहिल्या सात पायऱ्या कशाबशा उरकतील. आठवी मात्र ते घरीं गेल्यावरच येते.

ती कोणीं चढावयाची? पुढचीं लहान चाकें खडीच्या वाटेंत रुततात, टायर फाटतो, धुळीनें बेअरिंगें झिजतात. मोडलेला भाग गांवच्या सायकलच्या दुकानांत मिळत नसेल, तर सबंध खुर्ची कोपऱ्यांत पडते व तिचा धनी पुन्हा जमिनीवर येतो. राल्फ हॉचकिस हे अमेरिकन अभियंते स्वतः चाकांच्या खुर्चीवर बसणारे. १९८० सालीं निकाराग्वा देशांत चार तरुण मिळून एकच खुर्ची वापरीत असलेले त्यांनीं पाहिले. तेव्हां परदेशांतून तयार खुर्च्या आणण्यापेक्षां, तेथील अपंगांनाच हाताशीं धरून, तेथेंच मिळणाऱ्या साहित्यापासून खुर्च्या करण्याचा मार्ग त्यांनीं धरला. पन्नास खुर्च्या जोडून परतणाऱ्यापेक्षां, दहा जोडून दोन स्थानिक कारागीर तयार करून परतणारा सेवक अधिक देऊन येतो, असें आम्हांस वाटतें.

मार्काच्या शुभवर्तमानांत चौघांनीं उचलून आणलेल्या पक्षघाती मनुष्याची कथा आहे. छप्पर उघडून त्याला खालीं सोडणाऱ्या त्या चौघांचें आपण कौतुक करतों. पण प्रभूनें त्याला बरें केल्यावर कोठें धाडलें, हें आपल्या लक्षांत राहत नाहीं. त्यानें त्याला त्याच्या घरीं धाडलें. खुर्चीची परीक्षाहि घरींच होते. ती दारांतून आंत जाते काय? चुलीपाशीं, नळापाशीं, शाळेपर्यंत पोंचते काय?

परतणाऱ्या सेवकालाहि स्वतःचें घर असतें. डॉ. मेरी व्हर्गीस ह्यांचे पाय १९५४ सालीं मोटारीच्या अपघातांत कायमचे लुळे पडले. तरी चाकांच्या खुर्चीवर बसून वेल्लोर येथील ख्रिस्ती रुग्णालयांत त्यांनीं कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढें त्या न्यूयॉर्कला जाऊन अपंगांच्या पुनर्वसनाचें शास्त्र शिकल्या आणि तें घेऊन वेल्लोरला परतल्या. तेथील पुनर्वसनसंस्था १९६६ सालीं त्यांच्याच नेतृत्वाखालीं सुरू झाली. शिकलेलें घरीं आणणें तें असें.

आतां विद्यार्थ्यांनीं एक लहानसें गणित करावें. खुर्ची चढवावयाची तर एक फूट उंचीस निदान बारा फूट लांबीचा उतार लागतो, असा बहुतेक ठिकाणीं मान्य झालेला नियम आहे. सहा सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. तींस अठरा फूट उतार हवा. आपल्या घराच्या, शाळेच्या व उपासनामंदिराच्या पायऱ्या मोजाव्या, गुणाकार करावा, आणि तेवढी जागा पुढील अंगणांत आहे कीं नाहीं तें पाहावें. पालकांस आमची विनंती एवढीच, कीं अशा कार्यास वर्गणी देण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा: तुमचे लोक परतल्यावर ही खुर्ची दुरुस्त कोण करणार? ज्या संस्थेजवळ ह्याचें नांवनिशीवार उत्तर असेल, तिच्या हातीं दिलेला पैसा वायां जाणार नाहीं.