ट्यूब बनवणारं यंत्र वेगवान कसं होतं?

१८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने रंगांसाठी धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. आज टूथपेस्टच्या प्लास्टिक ट्यूब फिरत्या इंडेक्सिंग टेबलवर घडतात. टेबल एक टप्पा फिरतं, थांबतं आणि त्या थांब्यात ट्यूबचा खांदा (तोंडाकडचा भाग) जोडणं, थंड करणं, टोपण बसवणं ही कामं वेगवेगळ्या स्टेशनांवर एकाच वेळी उरकतात.

खरी अडचण जडत्वाची! फिरण्याचा वेळ निम्मा केला की त्वरण चौपट होतं. टेबल टप्प्याटप्प्याने फिरवणारी जिनिव्हा यंत्रणा सुरुवातीला आणि शेवटी हिसका देते. म्हणून तिच्याऐवजी हिसका न देता फिरवणारा मॉडिफाइड साइन कॅम किंवा सर्व्हो मोटर वापरतात. जाडी तीच ठेवून टेबलाच्या तबकडीचा व्यास निम्मा केला, तर जडत्व सोळाव्या हिश्श्यावर येतं.

प्लास्टिक थंड व्हायला मात्र वेळ लागतोच. अशा वेळी प्रत्येक स्टेशनवर दोन मँड्रेल (ट्यूब धरणारे दांडे) बसवले, की मिनिटाला ६० थांब्यांतूनही १२० ट्यूब बाहेर पडतात.