शिडाच्या जहाजावरील शाळा

यंत्रांच्या आणि उपग्रहांच्या या काळांत भावी नौदल-अधिकाऱ्यांस शिडाच्या जहाजावर शिकावयास कां धाडावें, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. त्याचें उत्तर तेथील दिनक्रमांतच आहे.

भारतीय नौदलाचें 'तरंगिणी' हें शिक्षणजहाज गोवा शिपयार्डमध्यें बांधलें गेलें व १९९७ सालीं नौदलांत दाखल झालें. लांबी ५४ मीटर, डोलकाठ्या तीन, शिडें वीस. कोकणांतील गलबताचें परबाण तिरकस असतें. येथें पुढच्या दोन डोलकाठ्यांवर परबाणें आडवीं असतात. २००३-०४ मध्यें या जहाजानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसें करणारें तें भारतीय नौदलाचें पहिलेंच जहाज होय.

अशा जहाजावर दिवस पाळ्यांनीं मोजतात. पाळी चार तासांची. दर अर्ध्या तासानें घंटेचा एकेक ठोका वाढत जातो आणि आठ ठोके पडले कीं पाळी सुटते. सायंकाळची ४ ते ८ ही पाळी मात्र दोन दोन तासांत विभागतात. त्यामुळें दिवसाच्या पाळ्या सहांऐवजीं सात होतात. विद्यार्थ्यांचे तीन गट असले तर सातांस तिनानें भाग जात नाहीं. म्हणून प्रत्येक गटाची वेळ रोज बदलते आणि मध्यरात्रीचा जागर कोणा एकाच्याच कपाळीं येत नाहीं.

पाळीवर कोणी सुकाणू धरतो, कोणी नाळेपाशीं उभा राहून क्षितिज न्याहाळतो, कोणी दोर ओढतो. सकाळीं समुद्राच्या पाण्यानें फळ्या घासावयाच्या. गोडें पाणी मोजून मिळतें आणि खाऱ्या पाण्यांत साध्या साबणास फेंस येत नाहीं. कपड्यांत राहिलेलें मीठ हवेंतील दमटपणा शोषून घेतें, त्यामुळें ते कधींच पुरते वाळत नाहींत. पहिले कांहीं दिवस बहुतेकांस समुद्र लागतो. तथापि पाळी चुकवितां येत नाहीं.

मध्यान्हीं सूर्य अगदीं माथ्याकडे आला म्हणजे सेक्स्टंट नामक उपकरणानें त्याची उंची मोजून अक्षांश काढतात. एका कलेची चूक म्हणजे एका सागरी मैलाची, अर्थात् १८५२ मीटरांची चूक. वर्गांत जिच्यामुळें एखादा गुण जाईल, तिच्यामुळें येथें जहाज खडकावर जाऊं शकतें. ताऱ्यांची उंची मोजण्यास तारे व क्षितिज दोन्ही एकाच वेळीं दिसावीं लागतात. उष्ण कटिबंधांत सूर्य जवळजवळ सरळ खालीं बुडतो, संधिप्रकाश लवकर सरतो, आणि विद्यार्थ्यास त्या अल्प अवधींत काम उरकावें लागतें. कोचीस ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारें दहा अंश वर दिसतो. जहाज दक्षिणेस जाऊं लागलें कीं तो रोज थोडा खालीं उतरतो आणि विषुववृत्तापाशीं दिसेनासा होतो. भूगोलांत पाठ केलेला अक्षांश त्या वेळीं डोळ्यांस दिसतो.

विषुववृत्ताजवळ कधीं वारा पडतो व शिडें लोंबकळतात. उकाड्यानें जीव नकोसा होतो. कधीं उलट, भर रात्रीं क्षितिजावर काळी रेघ उमटते आणि कांहीं क्षणांत वावटळ अंगावर येते. शिडें आंवरण्याचा हुकूम सुटतो. ज्या बाजूनें वारा येतो त्याच बाजूच्या शिड्यांवरून चढावयाचें, कारण वारा मग शरीरास दोरांकडे दाबून धरतो. वर गेल्यावर कमरेची दोरी अडकवावयाची, पोट परबाणावर टेंकावयाचें आणि पाय खालीं टांगलेल्या दोरावर ठेवावयाचे. तो दोर सर्वांस एकच असतो. एकानें पाय ठेवतांच दुसऱ्याच्या पायाखालचा दोर हलतो. म्हणून पाय ठेवण्यापूर्वीं मोठ्यानें तसें सांगण्याची रीत आहे.

यंत्र बटणासरशीं चालतें आणि माणूस त्याच्या शक्तीस आपली शक्ति समजूं लागतो. शिडाच्या जहाजावर ही समजूत टिकत नाहीं. ज्या तरुणाच्या हातीं पुढें शेंकडों जिवांचें जहाज सोंपवावयाचें, त्यानें आपल्या एका पावलानें शेजाऱ्याचा तोल कसा जातो हें एकदां अंधारांत, उंचावर, अनुभवलेलें बरें.